पुणेरी पलटणचं अजिंक्यपद: पैसा, शादलू आणि टाकळीभानचा कर्णधार

1 मार्च 2024 रोजी हैदराबादच्या गचीबावली स्टेडियममध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवलं आणि प्रो कबड्डी लीग पहिल्यांदा जिंकली. कर्णधार होता श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार. नगर जिल्ह्याला याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण त्या दहाव्या हंगामाबद्दल जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं गुणफलकापुढे टिकत नाही.

पहिला गैरसमज असा की, पुण्याचं फक्त नाव, पोरं सगळी बाहेरची. मोहित गोयत आणि गौरव खत्री हरियाणाचे, अबिनेश नादराजन तमिळनाडूचा, मोहम्मदरेझा शादलू इराणचा, हे खरं. पण अस्लमच्या जोडीला नाशिकचा आकाश शिंदे होता, पंकज मोहिते होता, बचावात संकेत सावंत होता. अस्लम आणि मोहित तर पलटणच्याच तालमीत घडले आणि आठव्या हंगामात, बेंगळुरूच्या रिकाम्या प्रेक्षागृहात, पहिल्यांदा लीगमध्ये उतरले. नवव्या हंगामात संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि जयपूरकडून 29-33 असा हरला. तेव्हा हे यश एका रात्रीत आलेलं नाही.

दुसरा गैरसमज मला जास्त खटकतो. ‘अस्लमला हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, पण चढाईत तो पहिल्या क्रमांकाच्या जवळपासही नव्हता,’ असं म्हटलं जातं. आकडा बरोबर आहे. दिल्लीच्या आशू मलिकचे चढाईचे गुण 276, अस्लमचे 142. मात्र या हिशेबात अस्लमचे पकडीतले 26 गुण कुणी धरत नाही.

त्यांचं मोल कळण्यासाठी मॅटवरची रचना पाहायला हवी. सातांपैकी साधारण चार जण पक्के बचावपटू असतात, दोन कोपऱ्यांत आणि दोन त्यांच्या आत. उरलेले तीन चढाईपटू. समोरचा चढाईला आला की तो दुबळी जागा हेरतो, आणि ती बहुधा याच तिघांपैकी एकाची असते. चढाईपटू पकडीला कच्चा असतो, शिवाय तो बाद झाला तर पुढची चढाई कोण करणार, हा प्रश्न उरतो. अस्लम त्या जागी उभा असला की ही फट बुजायची. कोपऱ्याने घोटा धरला की दुसऱ्याच क्षणी तो अंगावर जाऊन साखळी पुरी करायचा. अशा वेळी गुण बहुतेकदा कोपऱ्याच्या नावावर लागतो, मदतीला धावलेल्याच्या नाही. म्हणून हे 26 गुण मला त्याच्या बचावाचा फक्त दिसणारा भाग वाटतात. चढाईत मोहित, पंकज आणि आकाश हेही गुण आणत असल्यामुळे कर्णधाराला प्रत्येक वेळी एकट्याने जोखीम घ्यावी लागत नव्हती. साखळी फेरीतले 22 सामने, 17 विजय, 3 बरोबरी, फक्त 2 पराभव आणि 96 गुणांसह पहिला क्रमांक हा या वाटणीचा परिणाम आहे.

अंतिम सामना तर याचा नमुनाच होता. पकडींच्या त्या चुरशीत गुण फार हळू वाढत होते. पहिल्या डावात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले आणि मध्यंतराला पलटण 13-10 अशी पुढे गेली. सामन्यात पलटणकडून सर्वाधिक गुण पंकजचेच होते, 9.

आता पैशाबद्दल. ‘कोटींचा शादलू आणला म्हणून चषक आला,’ हा समज अर्धा खरा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम लढत वादावादीत 33-29 अशी संपल्यावर दोनच दिवसांत मुंबईत लिलाव झाला. सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघात अस्लम होता, हरलेल्या इराणच्या संघात शादलू. त्याच शादलूला पलटणने 2 कोटी 35 लाखांना घेतलं. त्याने पकडीचे 99 गुण मिळवले आणि तोच हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. मात्र त्याच लिलावात सर्वांत महाग, 2 कोटी 60 लाखांवर गेलेला पवन सेहरावत तेलुगू टायटन्सकडे होता, आणि टायटन्सने 22 पैकी फक्त 2 सामने जिंकून शेवटचं स्थान घेतलं.

अकराव्या हंगामात शादलू हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला, हे त्याच्या बाजूने प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. पलटण तेव्हा पहिल्या सहांतही आली नाही. पण त्या हंगामात अस्लमही गुडघ्याच्या दुखापतीने मध्येच बाहेर पडला होता. बाराव्या हंगामात, 2025 मध्ये, अस्लम कर्णधार म्हणून परतला. शादलू संघात नसतानाही पलटण अंतिम फेरीत पोहोचली आणि दबंग दिल्लीकडून अवघ्या तीन गुणांनी, 28-31 अशी हरली.