गाडीचा नाही, निघायचा अलार्म लावा

हा एपिसोड बोईसरहून रेकॉर्ड केलाय आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी इथे लिहून देतोय. विषय वेळेचा आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही.

चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. तिथे एक लोकल चुकली की मागून दुसरी येतेच. विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली, पण लोकल, मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या सगळ्यांना मिळून दोनच रूळ. त्यामुळे आपल्याकडे लोकल मोजक्या. पालघर-बोईसरच्या माणसाची गाडी दोन मिनिटांनी चुकली, तर घरी पोचायला दोन मिनिटं नाही, चांगला तासभर उशीर होऊ शकतो.

मी सॉफ्टवेअरवाला, ऑफिस अंधेरीला. मोबाइलमध्ये चार टू-डू अ‍ॅप्स होती. त्यातल्या एकात कामांना रंग देण्यात मी अख्खा रविवार घालवलाय! तरी संध्याकाळची गाडी चुकायचीच.

आमच्या घरात वेळेचं सगळ्यात पक्कं काम आई करते, तेही भिंतीवरच्या कालनिर्णयवर. बाबा तारापूर एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करतात, पाळी दर आठवड्याला बदलते. आई महिन्याच्या सुरुवातीलाच लाल पेनाने फ, से, ना लिहून ठेवते. फर्स्ट, सेकंड, नाईट. बाजूला दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख. एक नजर टाकली की डबा किती वाजता हवा आणि दुपारी टीव्हीचा आवाज किती ठेवायचा, सगळं कळतं.

गेल्या पावसाळ्यात ते पान बघताना माझ्या लक्षात आलं. बाबा सेकंडला असले की मी निघतो तेव्हा ते झोपलेले, आणि ते येतात तेव्हा मी झोपलेलो. नाईटला असले की मी येतो तेव्हा ते बूट घालत असतात. एकत्र जेवण होतं ते फक्त फर्स्टच्या आठवड्यात, आणि नेमकं त्याच आठवड्यात मी गाडी चुकवून उशिरा यायचो. एकाच घरात राहून भेट नाही, हे जरा लागलं.

मग आठवडाभर फोनमधला स्टॉपवॉच लावून मोजलं. ऑफिसच्या खुर्चीपासून प्लॅटफॉर्मपर्यंत मला वाटायची १५ मिनिटं, निघाली २४. लिफ्ट, सिग्नल, पूल, आणि "अरे, एकच मिनिट" म्हणणारा सहकारी! आता उलटं मोजतो. समजा गाडी ७ची, तर ६:३०चा अलार्म. त्याच्या लेबलमध्ये 'गाडी' लिहीत नाही, 'लॅपटॉप बंद कर' असं लिहितो. लेबल म्हणजे नेमकं काय करायचं ते. दुसरा अलार्म ६:१०चा, 'नवीन काही उघडू नकोस'. खरं काम हाच करतो, कारण उशीर बहुतेक वेळा या वीस मिनिटांतच तयार होतो. दोन्ही सोमवार ते शुक्रवार रिपीटवर.

ऑफिसात टायमरही लावतो. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर घेऊन २५ मिनिटं अभ्यास, मग ५ मिनिटं सुट्टी अशी पद्धत बसवली. इटालियनमध्ये टोमॅटो म्हणजे पोमोदोरो, तेच नाव पडलं. २५ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. मला कोड लिहिताना ४० बरे पडतात.

बाकी मध्येच काही आठवलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच व्हॉइस मेसेज टाकतो. बस्स.

बाबांच्या पाळ्या मी गूगल कॅलेंडरमध्येही टाकल्या, दर ३ आठवड्यांनी रिपीट. पण मधेच पाळी बदलली की आई एक काट मारते, आणि पाणी प्यायला जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते. माझ्या कॅलेंडरला ते जमत नाही. म्हणून आता तिच्या पानाचाच फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर येतो. तुमच्या घरी कुणी पाळीत असेल तर एवढं तरी कराच.

या आठवड्यात बाबांची फर्स्ट आहे. पाचपैकी चार दिवस जेवायला वेळेत पोचलो. पाचव्या दिवशी अलार्म वाजला होता, मीच बंद केला. बाबा जेवायचे थांबले होते.