नियमात न बसलेले दहा ठिपके

८ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌समध्ये संशोधक डॅन शेख्टमन ॲल्युमिनियम-मँगनीज मिश्रधातूचा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून तपासत होते. वितळलेला धातू झपाट्यानं थंड करून तो बनवलेला होता. विवर्तनाच्या चित्रात मधल्या प्रखर ठिपक्याभोवती समान अंतरावर दहा ठिपके उमटले. स्फटिकशास्त्राच्या नियमानुसार हे अशक्य होतं.

हे ठिपके म्हणजे स्फटिकाच्या रचनेची मोजमापंच. २०० किलोव्होल्टवर वेग घेतलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ०.००२५ नॅनोमीटर असते, अणूंच्या थरांमधल्या अंतरापेक्षा कितीतरी कमी. पातळ नमुन्यातून जाताना या लहरी ठरावीक दिशांनाच एकमेकींना बळ देतात आणि तिथे ठिपका उमटतो. थर जितके जवळजवळ, तितका ठिपका केंद्रापासून दूर. म्हणून ठिपक्यांच्या अंतरावरून थरांमधलं अंतर कळतं, तर त्यांच्यातल्या कोनांवरून थरांचा परस्परांशी असलेला कल. नमुना वेगवेगळ्या कोनांत कलवून अशी चित्रं घेतली की अणूंचं त्रिमितीय जालक मांडता येतं.

ठरावीक अंतरानं तंतोतंत पुन्हा येणाऱ्या जालकात दोन, तीन, चार किंवा सहा पदरी सममितीच बसते. सुसम पंचकोनी फरश्या लावून जमीन भरायला गेलं तर फटी राहतातच, तशी पाच किंवा दहा पदरी सममिती जालकात मावत नाही. अनेक जुळे स्फटिक एकमेकांना चिकटले तर मात्र तिचा आभास होऊ शकतो. शेख्टमन यांनी आधी तीच शंका घेतली, नमुन्यात जुळे शोधले, सापडले नाहीत. नमुना कलवल्यावर मिळालेले कोन वीस त्रिकोणी पृष्ठांच्या घनाकृतीशी जुळले. रचनेत शिस्त होती, पुनरावृत्ती नव्हती.

ब्लेख, ग्राटियास आणि कान या सहकाऱ्यांसह लिहिलेला शोधनिबंध नोव्हेंबर १९८४मध्ये प्रसिद्ध झाला. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दिग्गज रसायनशास्त्रज्ञानं जुळ्या स्फटिकांचाच मुद्दा धरून कडाडून विरोध केला. पण पुरावे वाढत गेले. १९९२मध्ये स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं स्फटिकाची व्याख्याच बदलली, पुनरावृत्तीची अट काढली आणि सुस्पष्ट विवर्तन हा निकष ठेवला. २०११चं रसायनशास्त्राचं नोबेल शेख्टमन यांना मिळालं.

आज संगणक विवर्तनाच्या चित्रावरून जुळणारं जालक चुटकीसरशी सुचवतो. पण तो निवड करतो ती माहीत असलेल्या जालकांमधून. यादीत न बसणारा ठिपका दोष म्हणून सोडून द्यायचा की नमुना पुन्हा कलवून पाहायचा, हा निर्णय अजूनही सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या माणसाचाच आहे. विद्यार्थ्यांना यंत्र चालवायला शिकवताना हा निर्णय घ्यायलाही शिकवलं पाहिजे.