डिरेक्टरी तयार का होत नाही?

शाळेच्या संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसवण्याचे काम बहुधा एक 'स्क्रिप्ट' करते. स्क्रिप्ट म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या आज्ञांची यादी. तिच्यातल्या सुरुवातीच्या काही आज्ञा फाइली ठेवण्यासाठी डिरेक्टऱ्या तयार करतात आणि पुष्कळदा काम तिथेच अडते. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते. ती न वाचताच आपण स्क्रिप्ट पुन्हा चालवतो. पण कारण तेच राहिले तर परिणामही तोच होणार. म्हणून ती ओळ कशी वाचायची, हे लिनक्स प्रणालीच्या आधारे पाहू.

डिरेक्टऱ्यांची रचना झाडासारखी असते. समजा, एका झाडात 'महाराष्ट्र', तिच्यात 'भंडारा' आणि भंडाऱ्यात 'साकोली', 'तुमसर', 'पवनी' अशा डिरेक्टऱ्या आहेत. आता आपल्याला 'महाराष्ट्र/गोंदिया/तिरोडा' ही डिरेक्टरी करायची आहे, पण 'गोंदिया' अजून केलेलीच नाही. (१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी हा पत्ता कागदावरही चुकीचाच ठरला असता!) अशा वेळी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असा संदेश येतो. तक्रार तिरोड्याविषयी नसून मधल्या गोंदियाविषयी असते. डिरेक्टरी करणाऱ्या 'एमकेडीआयआर' या आज्ञेला '-पी' जोडले, की मधले टप्पेही तयार होतात.

दुसरा संदेश 'परमिशन डिनाइड'. नवी डिरेक्टरी करणे म्हणजे तिच्या वरच्या डिरेक्टरीत एका नावाची नोंद करणे. त्यामुळे परवानगी लागते ती वरच्या डिरेक्टरीत लिहिण्याची आणि तिच्यात शिरण्याची. परवानग्या अंकांनी दाखवतात: वाचणे ४, लिहिणे २, शिरणे १. प्रणालीच्या डिरेक्टऱ्यांवर बहुधा ७५५ असते. मालकाला ४+२+१, म्हणजे सर्व हक्क. गटाला आणि इतरांना ४+१, म्हणजे लिहिणे सोडून बाकीचे. मालक असतो 'रूट' हा व्यवस्थापक. म्हणून अशी स्क्रिप्ट 'सुडो' या आज्ञेने व्यवस्थापकाच्या अधिकारात चालवावी लागते. त्याऐवजी ७७७ करून सर्वांना सर्व हक्क देणे हा उपाय नव्हे. मग कोणताही विद्यार्थी, किंवा त्याच्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्रॅम, तिथल्या फाइली पुसू शकेल.

आणखी तीन संदेश लक्षात ठेवावेत. 'फाइल एक्झिस्ट्स': त्या नावाची डिरेक्टरी किंवा साधी फाइल आधीच आहे. डिरेक्टरी असेल तर '-पी' तक्रार करत नाही. फाइल असेल तर करते. 'नो स्पेस लेफ्ट': डिस्क भरली आहे, किंवा जागा असूनही नव्या नोंदींची संख्या संपली आहे. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम': डिस्कवर लिहिणेच बंद आहे, इथे व्यवस्थापकाचेही चालत नाही.

खरा धोका मात्र आज्ञा फसण्यात नसून, ती फसल्यावरही स्क्रिप्ट पुढे चालत राहण्यात आहे. जानेवारी २०१५ मध्ये 'स्टीम' या खेळांच्या सॉफ्टवेअरच्या लिनक्सवरील स्क्रिप्टमध्ये असा दोष उघड झाला. एका डिरेक्टरीत शिरण्याची आज्ञा फसली, की तिचा पत्ता साठवणारी जागा रिकामी राही. पुढची आज्ञा होती 'या पत्त्याखालचे सर्व पुसा'. पत्ता रिकामा म्हणून पुसण्याची सुरुवात झाडाच्या मुळापासून झाली आणि वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फाइली गेल्या. शाळेच्या संगणकावर हे घडले तर वर्षभराचे गुण आणि मुलांचे प्रकल्प जातील. यासाठी स्क्रिप्टच्या आरंभी 'सेट -ईयू' लिहावे. सर्व नव्हे, पण बहुतेक ठिकाणी आज्ञा फसताच किंवा मूल्य न दिलेले नाव वापरले जाताच स्क्रिप्ट थांबते. पुसण्याच्या आज्ञेआधी पत्ता रिकामा नाही ना, हे मात्र वेगळे तपासावेच.

वर्गात हे करून पाहा. साध्या वापरकर्त्याच्या नावाने 'वर्ग' ही डिरेक्टरी करा, तिची परवानगी ५५५ करा आणि तिच्यात 'दहावी' करण्याचा प्रयत्न करा. कोणता संदेश येतो? हाच प्रयोग 'सुडो' लावून केला तर काय होते, आणि का? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.