प्लास्टिकमधले पितळी आटे

प्लास्टिकमध्ये थेट स्क्रू पिळला, की चार वेळा खोलून बसवेपर्यंत आटे जातात. म्हणून जे झाकण पुन्हा पुन्हा उघडायचं, त्याच्या बॉसमध्ये (स्क्रूसाठी ठेवलेल्या पोकळ उंचवट्यात) पितळेचा बारीक इन्सर्ट बसवतात: आत आटे, बाहेरून नर्लिंग, म्हणजे खाचांची नक्षी. जामनगर तर अशा पितळी मालासाठी प्रसिद्धच आहे.

तो बसवायचा कसा, यातच खरं कसब आहे. मोल्डिंगच्या वेळीच साच्यातल्या पिनेवर लावता येतो. पण तिथे वेळ जातो, आणि एखादा निसटला तर महागड्या साच्यालाच मार बसतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी तो मागाहून, तापवून बसवतात. मला यातली इंडक्शनची पद्धत सर्वांत देखणी वाटते, कारण तिच्यात उष्णता बाहेरून द्यावी लागत नाही. कॉइलमधून उलटसुलट वाहणारा प्रवाह इन्सर्टच्या अंगातच प्रवाह जागवतो (फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व तेच) आणि पितळ स्वतःच तापतं. प्लास्टिक विजेला दाद देत नाही. ते वितळतं फक्त पितळ टेकतं तिथे.

पण घरच्या इंडक्शन शेगडीवर पितळेचं पातेलं तापत नाही, मग इन्सर्ट कसा तापतो? शेगडी लोखंडी बुडासाठी जुळवलेली असते. पितळ चुंबकाकडे ओढलं जात नाही आणि त्याचा विद्युतरोधही कमी. इथे प्रवाहाची दिशा कितीतरी जास्त वेगाने बदलतात. सेकंदाला एक लाख आवर्तनं असली, तर पितळेत प्रवाह जेमतेम ०.४ मिलिमीटर खोल शिरतो. इन्सर्टच्या पातळ भिंतीला तो पुरतो, आणि कॉइलही अगदी जवळ असते. कॉइल स्वतः तापू नये म्हणून तिच्या तांब्याच्या नळीतून पाणी खेळवतात.

भोक इन्सर्टपेक्षा किंचित लहान ठेवलेलं असतं. तापलेला इन्सर्ट हलक्या दाबाने खाली सरकतो, पातळ झालेलं प्लास्टिक नर्लिंगच्या खाचांत शिरतं आणि तिथेच गोठतं. गोठेपर्यंत दाब सोडायचा नाही, नाहीतर इन्सर्ट वर येतो. ताप कमी पडला तर बॉसला तडा जातो. जास्त झाला तर प्लास्टिक आट्यांत चढतं. एबीएसला जमणारा ताप काचतंतू घातलेल्या नायलॉनला पुरत नाही, म्हणून प्रत्येक मालासाठी सेटिंग नव्याने करावं लागतं. बॅकेलाइट तर पुन्हा वितळतच नाही; तिथे ही पद्धत चालत नाही.

जॉब भंगारात निघाला, की हीच कॉइल पुन्हा कामी येते. इन्सर्ट तापवून ओढला की पितळ वेगळं होतं आणि प्लास्टिक दळायला मोकळं.