परसातील रानवेली : लेखांक सातवा — सापसंद

मागील लेखांकात आपण उक्षीचा परिचय करून घेतला. बहर आला की ती अवघे रान झाकून टाकते, त्यामुळे वाटसरूलाही तिची दखल घ्यावीच लागते. या सप्ताहात जिच्याविषयी लिहावयाचे आहे ती सापसंद मात्र कोकणातल्या गडग्यांवर, पाणंदीच्या कडेच्या झुडपांत आणि देशावरच्या कुंपणांतही वर्षानुवर्षे वाढत असते, आणि कुंपण साफ करणाऱ्याच्या कोयत्याखाली ती निमूटपणे जाते तेव्हा आपण काय तोडले याची वार्ताही कोणाला नसते. बारीक, पीळदार खोड, एकाआड एक येणारी गुळगुळीत लांबट पाने, आणि पानांच्या बगलेत सहज नजरेआड राहणारी फिकट हिरवी फुले, एवढाच तिचा बाह्य संसार आहे. १७५३ साली लिनियसने तिला ‘अ‍ॅरिस्टोलोकिया इंडिका’ या नावाने वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरी नोंदविले. आपल्याकडे सापसण आणि ईश्वरी या नावांनीही ती ओळखली जाते.

हे फूल हातात घेऊन पाहिल्याखेरीज त्याची रचना ध्यानात येत नाही. त्याला वेगवेगळ्या पाकळ्या नसतात. तळाशी फुगीर कोठी, तिच्यावर अरुंद नळी, आणि नळीच्या तोंडाशी एका बाजूने पुढे आलेली, कडांना जांभळट तपकिरी झाक असलेली जीभ, असे त्याचे तीन भाग असतात. चिलटाएवढी बारीक माशी नळीतून आत उतरते, आणि नळीतले केस आतल्या दिशेने वळलेले असल्यामुळे तिला आत शिरणे सुलभ व परतणे दुष्कर होते. फुलाचा स्त्रीभाग आधी पक्व होतो, म्हणून माशीने दुसऱ्या फुलातून आणलेले पराग त्याला लाभतात. त्यानंतर परागकोश उकलतात, माशीच्या अंगावर नवे पराग चढतात, आणि मगच ते केस सुकून बाहेरची वाट मोकळी होते. स्वतःचेच पराग स्वतःला न लागावेत यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज इतकी चोख आहे की वेळापत्रकात थोडाही फेर पडला तर सारा खटाटोप फुकट जावा.

फळही असेच निरखण्यासारखे असते. ते पिकले म्हणजे देठाच्या बाजूने सहा ठिकाणी उकलते, देठाचेही तंतू सुटे होतात, आणि आपल्या जुन्या स्वयंपाकघरांत दुधादह्यासाठी टांगलेले शिंके असे, तशा आकाराचे ते वाऱ्यावर हेलकावत राहते. आतील चपट्या, पातळ पंखाच्या बिया एकेक करून त्यातून उडून जातात.

परंतु या वेलीचे खरे महत्त्व तिच्या पानांत आहे, आणि तेही ती पाने खाणाऱ्यांमुळे. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ ही तांबड्या अंगाची, काळ्या पंखांची फुलपाखरे आपली अंडी याच कुळातील वेलींवर घालतात. आंबोलीपासून दक्षिणेकडील सह्याद्रीत आणि गोव्यात आढळणारे, पंखांचा विस्तार १४० ते १९० मिलिमीटरपर्यंत जाणारे सदर्न बर्डविंग हे भव्य फुलपाखरूही त्यांतलेच. या जातींच्या अळ्यांना या कुळाबाहेरचे पान चालत नाही. शेजारी जास्वंद, जाई, मोगरा कितीही फोफावलेला असला तरी या कुळातील वनस्पतीच्या अभावी त्या उपाशी मरतात. कॉमन रोझची अळी काळपट किरमिजी असते, तिच्या अंगावर मांसल काटे असतात आणि मध्यभागी एक स्पष्ट पांढरा पट्टा असतो. क्रिमझन रोझच्या अळीला तो पट्टा नसतो.

सापसंदीच्या पानांत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल नावाचे विष असते. अळी ते पानाबरोबर खाते, पचविते आणि देहात साठवून ठेवते, आणि पंख फुटल्यावरही तेच तिचे संरक्षण करते. म्हणूनच ही फुलपाखरे संथपणे, निर्धास्त उडतात. ज्या पक्ष्याने एकवार त्यांची चव घेतली तो पुन्हा त्यांच्या वाटेस जात नाही. या अभयाचा लाभ आपल्या कढीपत्त्यावर व लिंबावर वाढणाऱ्या कॉमन मॉरमॉन या निर्विष फुलपाखरानेही घेतला आहे, कारण त्याच्या काही माद्या हुबेहूब या विषारी फुलपाखरांसारख्या दिसतात. हे सोंग एकाच जनुकाच्या कारभाराने कसे वठते, याचा उलगडा फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली केला.

अळीला अभय देणारे हे विष माणसाच्या मूत्रपिंडांना मात्र घातक आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत बेल्जियममध्ये वजन उतरविण्याच्या गोळ्यांत याच कुळातील एका चिनी वनस्पतीची भेसळ झाली, आणि शंभराहून अधिक स्त्रियांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली; हे आम्ल कर्करोगकारक असल्याचेही पुढे निर्विवाद सिद्ध झाले आहे. सर्पदंशावर सापसंदीचे मूळ उगाळून देण्याचा शिरस्ता खेडोपाडी होता, पण आता तो सर्वथा सोडून द्यावा, आणि दंश झालेल्या माणसाला विनाविलंब इस्पितळात न्यावे. वेल अंगणात अवश्य असावी, औषधाच्या डब्यात कदापि नसावी.

आता लागवडीविषयी. उकलण्याच्या बेतात आलेले फळ हेरून त्यातील बी ताजे असतानाच पेरावे. उगवण सावकाश होते, म्हणून धीर धरावा. पावसाळ्याच्या तोंडी जून खोडाचे छाट लावूनही रोपे होतात. पाणी न साचणारी जमीन, थोडे शेणखत, अर्धवट सावली आणि चढावयास कुंपण किंवा जाळी एवढे मिळाले की तिची आणखी मशागत नको. उन्हाळ्यात वेल पुष्कळदा वाळल्यासारखी दिसते, परंतु मूळ शाबूत असते आणि पावसाबरोबर पुन्हा फुटते. तेव्हा मेली म्हणून ती उपटून टाकू नये. एकाच वेलीवर अळ्यांचे भागत नाही, यास्तव थोड्या थोड्या अंतराने तीन-चार वेली लावाव्यात, जवळ मधासाठी लाल एक्झोरा असावा, आणि कीटकनाशकाची फवारणी त्या बाजूस मुळीच होऊ देऊ नये.

रोपवाटिकेत सापसंद मागितली असता तिच्याच गोत्रातील दक्षिण अमेरिकेची, मोठ्या चितकबऱ्या फुलांची वेल पुढे केली जाण्याचा संभव असतो. तिच्या रूपाला भुलू नये. ऑस्ट्रेलियात अशाच परदेशी वेलीवर तेथील रिचमंड बर्डविंग फुलपाखरू फसून अंडी घालते, आणि तिची पाने खाऊन अळ्या मरतात. गोत्र एक असले तरी अन्न एक असतेच असे नाही. देशी वेलीचा आग्रह धरावयाचा तो याच कारणासाठी.

आपण बागेचा हिशेब फुलांवर आणि फळांवर मांडतो, आणि कुरतडलेले पान दिसले की नुकसान झाले असे समजतो. सापसंद लावणाऱ्याने हा हिशेब निराळा मांडला पाहिजे. तिच्यावर पान शिल्लक राहिले नाही तर त्या वर्षीचे पीक भरघोस आले असे मानावे, कारण ते पान ज्यांच्यासाठी उगवले होते त्यांच्या मुखी गेले. वेल काही दिवसांत पुन्हा पालवते, आणि तोवर त्या अळ्या कोषात गेलेल्या असतात. ज्यांच्या परसात हातभर कुंपण आहे त्या प्रत्येकाच्या आवाक्यातले हे काम आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. यंदा कुंपण साफ करण्यापूर्वी एकदा त्यात नीट पाहावे. वेल आधीच तेथे असेल, तर कोयता आवरला म्हणजे अर्धी लागवड झाली.

पुढील लेखांकात हरणदोडीचा विचार करू.