आभासी जग आणि लुळा हात

पक्षाघाताच्या झटक्यातून जीव वाचला तरी माणूस पूर्वीसारखा कामाला लागतोच असे नाही. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तेथील पेशी मरतात आणि हात लुळा पडतो. आमच्या काउंटरवर पेन्शन घेणाऱ्यांत असे चार-दोन जण असतातच; कालपर्यंत झोकात सही करणारा माणूस अंगठा पुढे करतो.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. परंतु मेंदूचे शेजारचे भाग त्यांचे काम काही प्रमाणात शिकू शकतात. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि नेमके तेच होत नाही. अमेरिका व कॅनडातील केंद्रांची एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत एका बैठकीत रुग्णाकडून हाताची कामाची हालचाल सरासरी अवघी ३२ वेळा होते, असे दिसले. रिकामा हात वरखाली करण्याचा कंटाळा कोणालाही येणारच!

येथे आभासी वास्तव, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, उपयोगी पडते. डोळ्यांवर चष्म्यासारखी पेटी बांधतात किंवा समोर पडदा ठेवतात. संगणक हाताची हालचाल टिपतो आणि चित्रातला हात तशीच फळे तोडतो, चेंडू अडवतो. चुकले तर तत्काळ कळते, जमले तर गुण वाढतात. हात दोन बोटेच उचलला जात असेल तर खेळ तेवढा सोपा करता येतो. मग रुग्णच ‘आणखी एकदा’ म्हणतो.

कल्पना तशी जुनी. सिएटल येथे १९९६ साली हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी हे तंत्र वापरण्यास प्रारंभ केला. पुढे त्यांनी बर्फाचे जग तयार केले. बर्फाचे गोळे फेकण्यात मन गुंतले की मलमपट्टीच्या वेळची वेदना कमी जाणवते.

तरीही विद्यार्थी मित्रांनी जाहिरातींवर जाऊ नये. कॉक्रेन संस्थेने २०१७ साली ७२ चाचण्या व २४७० रुग्णांचा आढावा घेतला. लुळ्या हातासाठी हे तंत्र नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरले नाही. उपचाराला त्याची जोड देऊन एकूण सराव वाढवला तेव्हा मात्र लाभ दिसला. २०२५ च्या आढाव्यात १९० चाचण्या होत्या. त्यातही नेहमीच्या उपचारापेक्षा हाताला होणारा जास्तीचा फायदा थोडाच निघाला. म्हणून अशा यंत्रासाठी कोणी कर्जाचा अर्ज आणला तर मी आधी विचारीन, फिजिओथेरपिस्टने दाखविलेला व्यायाम घरी रोज किती वेळा होतो?

पेटी लावल्यावर काहींना मळमळते, गरगरते. तोल जाणाऱ्या रुग्णाजवळ कोणीतरी उभे असावेच, आणि फिट येणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नये.