उरलेलं वेगळं, उष्टं वेगळं

गाडगेबाबांचा जन्म १८७६ सालचा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा, समाधी अमरावतीत. भुकेल्याला अन्न द्या, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. त्यामुळे वऱ्हाडात अन्नदान कुणाला शिकवावं लागत नाही. भंडारा असला की वाढायला गावातली पोरं आपणहून उभी राहतात. पण लग्नात उरलेलं अन्न गरजूंपर्यंत नेणारं मंडळ काढू म्हटलं, की काही समजुती आडव्या येतात.

पहिली आणि सगळ्यात बोचरी समजूत म्हणजे, ‘गरिबाला उष्टं खाऊ घालता का?’ नाही. ताटात वाढलेलं किंवा बुफेच्या टेबलावर लोकांचे हात लागलेलं अन्न घ्यायचंच नाही. घ्यायचं ते आचाऱ्याच्या मागच्या खोलीतलं, झाकण न उघडलेल्या गंजातलं. वाढप्याचा डाव ज्यात गेलाच नाही, तो भात उरलेला असतो, उष्टा नव्हे. आपल्या घरच्या पाहुण्याला वाढू शकू तेच न्यायचं, बाकी सरळ नाकारायचं. नाही म्हणता येणं हे या कामातलं पहिलं कौशल्य आहे.

‘रात्री पुन्हा गरम केलं की झालं’ ही समजूत मात्र धोक्याची आहे. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो. ओकाऱ्या आणणारं त्याचं विष उकळूनही जात नाही. ५ ते ६० अंशांच्या मधे अन्न राहिलं की जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीपुढे जातो. तेव्हा उन्हाळ्यात कोमट अन्नाला तासाभराच्या वर वेळ देऊ नये. झाकणाचे स्टीलचे डबे, एक अन्नाचा थर्मामीटर आणि शिजवल्याची वेळ लिहायची वही, एवढं सामान आधी घ्या. बॅनर नंतर.

पैशाचं म्हणाल, तर २०१४ साली दिल्लीत सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी देणगीचा एक रुपया घेत नाही. स्वयंसेवकांचा वेळ आणि हॉटेलांचं अन्न यांवरच ती देशभर पोचली. पण लोकांकडून वर्गणी घ्यायची ठरली तर किमान ७ जणांची संस्था करून धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी करा. आणि ‘पुण्याच्या कामाला कसला कायदा?’ असं म्हणू नका. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९चे नियम आहेत.

नासाडी फक्त लग्नात होते, हेही खरं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांतून.

मग भुकेला माणूस कुठे सापडतो? तो नेहमी रस्त्यावर हात पसरत नाही. अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात रुग्णाजवळ थांबलेला, खेड्यावरून आलेला नातेवाईकही अर्धपोटी असतो. रुग्णाला जेवण मिळतं. त्याच्याजवळ बसलेल्या बाईचं काय, ते कुणी विचारत नाही. तिला पंगतीत बसवल्यासारखं वाढा. फोटो काढू नका.

मेळघाटाचं दुखणं मात्र उरलेल्या मसालेभाताने बरं होणार नाही. धारणी-चिखलदऱ्यातल्या कुपोषणामागे मजुरी, स्थलांतर, गर्भारपणातली आबाळ आणि आजार आहेत. तिथे २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याचं माणशी ५ किलो धान्य आणि अंगणवाडीचा आहार प्रत्येक घरी पोचतो का, हे पाहणारा स्वयंसेवक हवा. एखाद्या कुटुंबाच्या रेशनकार्डात राहून गेलेलं नाव चढवून दिलं, तर ते घर दर महिन्याला धान्य आणतं. मला हे काम अन्नवाटपाइतकंच मोलाचं वाटतं.

लग्नसराई लागण्याआधीच तुमच्या भागातल्या मंगल कार्यालयांचे व्यवस्थापक आणि आचारी यांना भेटून या. पंगत उठल्यावर आलेला फोन उशिराचा असतो. पहिली पंगत बसतानाच फोन करा, असं त्यांना सांगून ठेवा.